महासागरातील प्लास्टिक आणि जयंतीनंतरची सकाळ



३० जानेवारी २०२५ रोजी भारतीय नौदलाच्या 'तारिणी' या शिडाच्या नौकेने 'पॉइंट नेमो' पार केला. नौकेवर दोनच अधिकारी होत्या : लेफ्टनंट कमांडर दिलना के. आणि लेफ्टनंट कमांडर रूपा ए. पॉइंट नेमो हा दक्षिण प्रशांत महासागरातील असा बिंदू आहे की तिथून सर्वांत जवळची जमीनसुद्धा २,६८८ किलोमीटर दूर आहे. तिथे गेलेल्या खलाशाला सर्वांत जवळचे शेजारी अनेकदा आकाशात असतात. कारण अंतराळ स्थानक डोक्यावरून जाते तेव्हा ते साधारण ४०० किलोमीटरवर असते. या दोघींनी तिथल्या पाण्याचे नमुने घेतले, राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत तपासण्यासाठी. २ ऑक्टोबर २०२४ला गोव्याहून निघालेली ही सागर परिक्रमा २९ मे २०२५ला गोव्यातच पूर्ण झाली.

नांदेड-लातूरच्या तरुणांनी ही बातमी अभिमानाने एकमेकांना पाठवली. आम्हीही पाठवली. पण याच पॉइंट नेमोची आणखी एक नोंद आहे, ती फारशी कोणी पाठवत नाही. २०१७-१८ मध्ये जगाला वळसा घालणाऱ्या 'व्हॉल्व्हो ओशन रेस' या शर्यतीतील दोन नौकांवर समुद्राचे पाणी गाळून तपासणारी यंत्रणा बसवली होती. पॉइंट नेमोच्या परिसरात, जिथे ना गाव ना कारखाना, तिथेही एका घनमीटर पाण्यात ९ ते २६ सूक्ष्म प्लास्टिक कण सापडले.

ते तिथे कोणी टाकले? कोणीच नाही. ते तिथे पोहोचले. कसे पोहोचले आणि त्याचा आपल्याशी काय संबंध, हे समजून घेण्यासाठी हा लेख.

खलाशांनी काय पाहिले?

१९९७ साली चार्ल्स मूर नावाचा अमेरिकन नाविक हवाई बेटांवरची शर्यत संपवून कॅलिफोर्नियाला परत निघाला होता. शर्यतीच्या नौका सहसा टाळतात अशा, वारा पडलेल्या भागातून त्याने नौका नेली. तिथे त्याला दिवसामागून दिवस पाण्यावर प्लास्टिक तरंगताना दिसत राहिले. जमीन हजारो किलोमीटर दूर आणि पाण्यात बाटल्यांची झाकणे, पिशव्या, तुकडे. त्याने हे जगाला सांगितले आणि 'प्रशांत महासागरातील कचऱ्याचा पट्टा' हा विषय चर्चेत आला.

याबद्दल एक गैरसमज आहे. अनेकांना वाटते की समुद्रात प्लास्टिकचे बेट तयार झाले आहे आणि त्यावर माणूस चालू शकतो. तसे काही नाही. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार हा पट्टा सुमारे १६ लाख चौरस किलोमीटरचा, म्हणजे महाराष्ट्राच्या पाचपट. त्यात अंदाजे ८० हजार टन प्लास्टिक आणि १.८ लाख कोटी तुकडे आहेत. संख्येने पाहिले तर यातले बहुतेक तुकडे पाच मिलिमीटरपेक्षा लहान. वजनाने पाहिले तर जवळपास निम्मा वाटा मासेमारीच्या टाकून दिलेल्या जाळ्यांचा. म्हणजे ते बेट नाही, पातळ झालेली आमटी आहे. म्हणूनच ती उपसून काढता येत नाही.

हे सगळे एका ठिकाणी का जमते? वारा आणि पृथ्वीचे फिरणे यांमुळे महासागरांत प्रवाहांची प्रचंड, संथ चक्रे तयार होतात. अशी पाच मोठी चक्रे आहेत. तरंगणारी वस्तू फिरत फिरत चक्राच्या मधल्या शांत भागात येते आणि तिथे अडकते. लाकूड, पाला असेल तर कुजून जाते. प्लास्टिक कुजत नाही. ऊन, मीठ आणि लाटा त्याचे तुकडे करतात, तुकड्यांचे तुकडे करतात, पण ते प्लास्टिकच राहते.

आपल्या नौदलानेही हा प्रश्न ओळखला आहे. २०१७-१८ मध्ये लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली सहा महिला अधिकाऱ्यांनी याच 'तारिणी'वरून पृथ्वीप्रदक्षिणा केली, तेव्हा खोल समुद्रातील प्रदूषणावर लक्ष ठेवून त्याची माहिती देणे हे त्या मोहिमेच्या उद्दिष्टांपैकी एक होते.

नांदेडची नाली आणि समुद्र

आता समुद्रावरून आपल्या गल्लीत येऊ. आपल्याकडे समुद्र नाही, असे आपण म्हणतो. पण गोदावरी आहे. त्र्यंबकेश्वरला उगम पावून १,४६५ किलोमीटर वाहणारी ही नदी नांदेड शहराच्या अंगाला लागून जाते. लातूर जिल्ह्यातून मांजरा वाहते. ती कर्नाटक, तेलंगणा फिरून कंदकुर्तीला गोदावरीला मिळते. पुढे राजमहेंद्रीवरून गोदावरी बंगालच्या उपसागरात जाते. नांदेडच्या नालीतल्या आणि लातूरच्या ओढ्यातल्या पिशवीची वाट शेवटी एकच आहे.

इथे प्रामाणिकपणे एक गोष्ट सांगितली पाहिजे. आपल्या गल्लीत पडलेला प्रत्येक पाऊच समुद्रात जातो, असे नाही. वाटेत बाभळीचा बंधारा आहे, श्रीराम सागर आहे, धवळेश्वरम आहे. बरेच प्लास्टिक नदीकाठच्या झुडपांत, धरणाच्या गाळात, शेताच्या बांधावर अडकून राहते. काही जाळले जाते आणि त्याचा धूर वस्तीतच राहतो. काही जनावरांच्या पोटात जाते. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात चाळिशीच्या वर गेलेल्या तापमानात पातळ पिशवी लवकर ठिसूळ होते आणि हातात घेतली की तिचा भुगा होतो. मग पहिला मोठा पाऊस येतो, नाल्या धुऊन काढतो आणि बंधाऱ्याचे दरवाजे उघडतात. मोठी पिशवी अडकते. भुगा अडकत नाही.

आणि तो परतही येतो. आयआयटी मुंबईच्या संशोधकांनी २०१८ मध्ये भारतीय बाजारातील मिठाचे नमुने तपासले, त्यांत सूक्ष्म प्लास्टिक सापडले. २०२२ मध्ये नेदरलँड्सच्या संशोधकांना तपासलेल्या २२ पैकी १७ जणांच्या रक्तात प्लास्टिकचे अंश आढळले. शरीरावर त्याचा नेमका परिणाम किती, याचा अभ्यास सुरू आहे. पण समुद्र दूर आहे, हे आता म्हणता येत नाही. तो रोज आपल्या भाजीत पडतो.

बुद्धांचा महासागर

गोदावरी आणि धम्म यांचे नाते जुने आहे. सुत्तनिपातातील पारायणवग्गात गोदावरीकाठी अस्सक देशात राहणाऱ्या बावरीची कथा आहे. त्याने आपले सोळा शिष्य बुद्धांना प्रश्न विचारायला पाठवले. आजच्या नांदेडचा परिसर त्याच प्रदेशाशी जोडला जातो.

बुद्धांनी महासागराचे आठ गुण सांगितले आहेत. अंगुत्तर निकाय आणि उदान या दोन्हींत ते येतात. त्यातला एक आपल्या सर्वांच्या ओळखीचा : वेगवेगळ्या नद्या सागराला मिळाल्या की आपले नाव गमावतात, तसे चारही वर्णांतले लोक संघात आले की जुनी ओळख गमावतात. नागपूरला १५ ऑक्टोबर १९५६च्या भाषणात बाबासाहेबांनी हाच दाखला दिला होता. दुसरा गुण असा की महासागर प्रेत पोटात ठेवत नाही, ते काठावर आणून टाकतो. तिसरा असा की महासागराची चव एकच आहे, मिठाची; आणि धम्माचीही चव एकच आहे, मुक्तीची.

अडीच हजार वर्षांपूर्वीचे हे निरीक्षण आहे. त्या काळी सागरात पडणारी प्रत्येक वस्तू एक तर कुजत होती किंवा काठाला लागत होती. आज आपण त्यात अशी वस्तू घातली आहे जी ना कुजते, ना पूर्णपणे काठाला लागते. आणि नद्यांप्रमाणे तीही आपले नाव गमावते. पॉइंट नेमोच्या त्या कणावर ना गाव लिहिलेले आहे, ना कंपनी. नाव पुसले गेले की जबाबदारीही पुसली जाते. प्रतीत्यसमुत्पाद आपल्याला याच ठिकाणी उपयोगी पडतो. हे असेल तर ते होते. हे नसेल तर ते होत नाही. परिणामाला नाव नसले तरी कारणांना नाव असते. ती कारणे शोधणे हे आपले काम आहे.

कारणांची नावे

पहिले कारण उत्पादन. जगात वर्षाला ४० कोटी टनांहून जास्त प्लास्टिक तयार होते आणि त्यातले जेमतेम ९ टक्के पुनर्वापरात येते. हे थांबवण्यासाठी जागतिक करार करायचा, असे मार्च २०२२ मध्ये नैरोबीत ठरले. ऑगस्ट २०२५ मध्ये जिनिव्हातली बैठकही कराराविना संपली. वादाचा मोठा मुद्दा हाच होता की उत्पादनाला मर्यादा घालायची की फक्त कचऱ्याबद्दल बोलायचे.

दुसरे कारण विषमता. एप्रिल २०१६ आठवा. लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीत पाच लाख लिटर पाणी होते. त्या उन्हाळ्यात घरोघरी प्लास्टिकच्या टाक्या, घागरी, कॅन आणि ड्रम हेच जगण्याचे साधन होते. ज्या वस्तीत नळाला दहा-पंधरा दिवसांनी पाणी येते, तिथल्या बाईला 'प्लास्टिक वापरू नका' असे सांगणे सोपे आहे. तिला पर्याय देणे अवघड आहे. मजुरी करणारे कुटुंब तेल, शाम्पू, चहापत्ती एक-दोन रुपयांच्या पुडीत घेते, कारण महिन्याचे सामान एकदम घ्यायला पैसे नसतात. ती पुडी अनेक थरांची असते, तिला भंगारात भाव नाही, म्हणून ती कोणी उचलत नाही. पुडी फेकणारा हात आपल्याला दिसतो. अशी पुडी बनवायचे ठरवणारा दिसत नाही.

तिसरे कारण जात. बाबासाहेबांनी १९३६ मध्येच दाखवून दिले की जातिव्यवस्था ही केवळ श्रमाची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे. कचरा हे त्याचे आजचे ढळढळीत उदाहरण. फेकणारा कोणीही असतो, उचलणारा मात्र कोण असणार हे जवळपास ठरलेले असते. नांदेड असो, लातूर असो, पहाटे रस्ते झाडणारे आणि कचरा डेपोवर वेचणारे हात पाहा. आपले, मातंग समाजाचे, भटक्या-विमुक्तांचे, गरीब मुस्लिमांचे हात दिसतील. 'कोणीतरी उचलेल' हा विचार ज्या समाजाच्या अंगात मुरला आहे, तो समाज नदीत काहीही टाकू शकतो. समुद्रातल्या प्लास्टिकच्या मुळाशी ही वृत्तीसुद्धा आहे.

याला उत्तर देणारे कामही महाराष्ट्रातच झाले आहे. १९९३ मध्ये पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली. कचरावेचक बायांनी ओळखपत्रे मिळवली, आपले काम हे काम आहे आणि त्याला मोल आहे हे मान्य करायला लावले. पुढे 'स्वच्छ' ही त्यांचीच सहकारी संस्था घरोघरचा कचरा गोळा करू लागली. २०१६च्या केंद्रीय कचरा व्यवस्थापन नियमांनीही कचरावेचकांना मान्यता दिली आहे. मराठवाड्यातल्या शहरांत हे अजून किती उतरले, हा प्रश्न आपण नगरसेवकांना आणि आयुक्तांना विचारायला हवा.

तो स्टॉल आमचाच होता

आता आमच्याबद्दल. नांदेडला एका १४ एप्रिलला आम्ही मिरवणुकीच्या वाटेवर पाणी वाटले. रणरणते ऊन, लेकरे, म्हातारी माणसे. पाण्याच्या पाऊचची पोतीच्या पोती रिकामी केली. रात्री समाधानाने घरी गेलो. दुसऱ्या दिवशी पहाटे मंडप काढायला आलो, तेव्हा रस्ताभर दातांनी फाडलेले पाऊच पसरले होते. त्यात प्लास्टिकचे चुरगळलेले निळे झेंडे होते, थर्माकोलच्या द्रोणांत उरलेली खिचडी होती. एक सफाई कामगार मावशी झाडत होत्या. आदल्या संध्याकाळी पांढरी साडी नेसून त्या मिरवणुकीत चालल्या होत्या, आम्ही त्यांना ओळखले. त्या रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "काल पाणी तुमीच पाजलं लेकरांनो, म्या बी पिलं. आता उचलायला मात्र मीच हाय."

आमच्याजवळ उत्तर नव्हते. आम्ही खराटा घेतला, पण तेही उत्तर नव्हते.

हे लिहिताना एक धोका आम्हाला ठाऊक आहे. ६ डिसेंबर जवळ आला की 'दादर घाण होते' अशी ओरड दरवर्षी सुरू होते. लाखो माणसे कोणत्याही निमित्ताने जमली तर कचरा होतो. पण त्या कचऱ्यावरून जात मात्र आपलीच काढली जाते. त्या जातीय ओरडीत आम्हाला भर घालायची नाही. आम्ही बाहेरच्यांना उत्तर देण्यासाठी बोलत नाही, त्या मावशींना उत्तर देण्यासाठी बोलत आहोत.

चैत्यभूमी समुद्राच्या काठावर आहे, हेही विसरू नये. नांदेड-लातूरच्या कितीतरी आया-आज्यांनी आयुष्यात पहिल्यांदा समुद्र पाहिला तो ६ डिसेंबरलाच. नंदीग्राम किंवा लातूर एक्स्प्रेसने रात्रभर बसून जायचे, रांगेत उभे राहायचे, अभिवादन करायचे आणि मग दादरच्या वाळूत पाय बुडवायचे. आपल्या लोकांचे आणि समुद्राचे नाते बाबासाहेबांच्या स्मृतीतून जोडले गेले आहे.

एका पेल्याची गोष्ट

पर्याय काय? स्टीलचे पेले आणि नळाचे पिंप, असे आम्ही सुचवले तेव्हा वस्तीतल्या एका आजोबांनी वेगळीच बाजू सांगितली. त्यांच्या तरुणपणी गावातल्या हॉटेलात आपल्या लोकांचा कप वेगळा असायचा. बाहेर खुंटीला टांगलेला, आपणच विसळून ठेवायचा. पुढे फेकून द्यायचे प्लास्टिकचे कप आले, तेव्हा त्यांना बरे वाटले होते. सर्वांना एकसारखा कप.

आम्ही समाजशास्त्र शिकलो, पण हे आमच्या लक्षात आले नव्हते. फेकून द्यायच्या कपाने वेगळा कप झाकला, पण विटाळ मोडला नाही. कुणाचा उष्टा पेला कुणाला वापरावाच लागला नाही. विटाळ खऱ्या अर्थाने मोडतो तो एकच पेला धुऊन सर्वांनी वापरल्यावर. ज्यांच्या बापाने २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, त्यांच्या जयंतीत पाणी कसे वाटले जाते हा साधा व्यवस्थेचा प्रश्न नाही.

अडचणी आहेत. एप्रिलमध्ये पेले धुवायला पाणी कुठून आणायचे? म्हणून सरसकट उपाय सांगत नाही. आम्ही ठरवलेल्या काही गोष्टी मांडतो. प्रत्येक विहाराने, मंडळाने आपापल्या परिस्थितीनुसार त्यात बदल करावा.

• पाऊच बंद. नळ लावलेले पिंप किंवा रांजण ठेवायचे. लोकांनी घरून बाटली आणावी म्हणून आठ दिवस आधीपासून वस्तीत सांगायचे. न आणणाऱ्यांसाठी स्टीलचे पेले. त्यामुळे धुण्याचे पाणी कमी लागते.

• दोन-तीन मंडळांनी मिळून पेले, ताटे, पातेल्यांचा संच घ्यायचा आणि विहारात ठेवायचा. लग्न, नामकरण, पुण्यानुमोदन, वर्षावास, सगळीकडे तोच वापरायचा. भाड्याच्या पैशांतून अभ्यासिकेला पुस्तके घेता येतील.

• झेंडे कापडाचे किंवा कागदाचे. १ जुलै २०२२ पासून देशभरात प्लास्टिकचे झेंडे, प्लास्टिकचे पेले, ताटल्या, चमचे, स्ट्रॉ, सजावटीचे थर्माकोल आणि १०० मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसी बॅनर यांवर बंदी आहे. महाराष्ट्रात तर प्लास्टिकबंदीची अधिसूचना २३ मार्च २०१८ चीच आहे. कायदा मोडून संविधानकाराची जयंती साजरी करणे शोभत नाही.

• झाडण्याची पाळी स्वयंसेवकांची. १५ एप्रिलची पहाटही कार्यक्रमपत्रिकेत छापायची आणि पहिले नाव अध्यक्षांचे असावे. केवळ पोरींवर किंवा सर्वांत गरीब पोरांवर हे काम ढकलायचे नाही, नाहीतर आपणच आपल्यात नवी वर्णव्यवस्था उभी करू.

• महापालिकेकडे लेखी मागणी : सफाई कामगारांना हातमोजे, बूट, वेळेवर पगार, कचरावेचकांना ओळखपत्रे, आणि नाल्यांच्या तोंडाशी पावसाळ्यापूर्वी जाळ्या. गोवर्धन घाटावर फोटो काढून संपणाऱ्या स्वच्छता मोहिमेपेक्षा ही मागणी जास्त उपयोगाची आहे.

एवढ्याने पॉइंट नेमोचे पाणी स्वच्छ होईल का? नाही होणार. उत्पादनावर बंधन येत नाही तोवर कुणाच्याही पेल्याने ते होणार नाही. म्हणून कंपन्यांना आणि सरकारला जाब विचारणे सुरूच ठेवायचे. पण जाब विचारणाऱ्याच्या पायाखाली पाऊचचा सडा नसावा. सम्यक आजीविका म्हणजे आपल्या जगण्याने दुसऱ्याला इजा होऊ न देणे. तो दुसरा कधी महासागरातला मासा असतो, कधी पहाटे झाडणारी आपलीच मावशी.

येत्या १४ एप्रिलला आमच्या स्टॉलवर पिंप असेल आणि पेले असतील. १५ एप्रिलला पहाटे पाच वाजता आम्ही रस्त्यावर असू. मावशींना आम्ही सांगितले आहे की त्या दिवशी जरा उशिरा आलात तरी चालेल. त्या हसल्या. "बघू," म्हणाल्या.

त्यांचा अजून पूर्ण विश्वास बसलेला नाही. तो कमावणे आता आपल्या हातात आहे. तुमच्या वस्तीत, तुमच्या विहारात काय ठरले, तेही आम्हाला कळवा.

जयभीम.